ढ व्हायचा दिवस

ताईने कवळी खिडकीच्या उजेडात धरली, डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. ती टेबलावर आपटावी असं तिला फार वाटलं, पण स्वतः घडवलेली वस्तू आपटायला तिचा हात धजत नसे. तिने कवळी अलगद खाली ठेवली आणि शब्द तेवढे आपटले.

"हे दात कुणी निवडले?"

तिची धाकटी बहीण भिंगरी रबराच्या वाटीत प्लास्टर कालवत होती. तिने मान वर केली नाही.

"कुठले?"

"हे. रिटायर्ड मास्तरांचे. त्यांचे स्वतःचे दात कसे आहेत? जन्मभर चहा पिऊन पिवळे पडलेले. आणि मधोमध हे दोन पांढरेफेक. मास्तर हसले की समोरच्याला वाटेल, तोंडात कुणी दिवा लावून ठेवलाय."

"तूच सांगितलीस ना ती शेड."

"मी सांगितली होती ती बँकेतल्या बाईंची. मास्तरांची तुला माहीत होती."

"मग झाली गफलत. बदलते."

बदलते म्हणे! मेणात बसवलेले दात असते तर बदलता आले असते. ही कवळी शिजून पक्की झाली होती, तिला पॉलिशही झालं होतं. म्हणजे पुन्हा साचा, पुन्हा मेण, पुन्हा सगळा घाट, आणि वर डेंटिस्टला फोन करून काहीतरी थाप मारायची. ताईने कपाळावर हात मारला. हाताला प्लास्टर होतं, ते कपाळाला लागलं, त्याचाही तिला राग आला.

खरं तर एका कवळीचं तिला एवढं काही नव्हतं. चुका तिच्याही होत. पण भिंगरीची शेड चुकणं ही गोष्ट ताईच्या या दातांच्या लॅबमध्ये कधी घडलीच नव्हती. शाळेत असल्यापासून ती दप्तर टाकून इथे येऊन बसायची आणि दातांच्या रंगांच्या पट्टीशी खेळायची. अमक्या बाईंना मागच्या वर्षी कुठला रंग दिला, तमक्या आजोबांचा खालचा जबडा कुठल्या बाजूला झिजलाय, हे विचारायचा अवकाश, तिचं उत्तर तयार असे. डेंटिस्टकडून येणारी चिठ्ठी ताई वाचायचीसुद्धा नाही. आणि या आठवड्यातली ही तिसरी चूक होती.

"तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?"

"रविवारी निवडीची लढत आहे. लक्ष कुठे असणार?" भिंगरीने वाटी ठेवली आणि डोळे चोळले. "तो दिवा बंद कर ना. केवढा डोळ्यात जातो."

"तो दिवा तिथे बारा वर्षं आहे."

"मग बारा वर्षं डोळ्यात जातोय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ताई उत्तर जुळवत होती, तेवढ्यात दार ढकलून सर आत आले. सर म्हणजे भिंगरीचे बॉक्सिंगचे कोच. नाक दोनदा मोडून आता कुठल्याच बाजूला कलायचं नाही असं ठरवून बसलेलं, आवाज दोन खोल्यांपलीकडे जाणारा. क्लबातल्या सगळ्या मुलींचे तोंडात घालायचे गार्ड ताई करून देई, ते न्यायला ते आले होते.

"काय ताई, झाले का आमच्या पोरींचे गार्ड?" स्टुलावर बसता बसता त्यांनी भिंगरीकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "हिने सांगितलं का तुम्हाला? ही मध्यंतरी पाहुणी म्हणून गेली होती!"

"सर," भिंगरी म्हणाली.

"अहो, सरावाची लढत चालू होती. वजनाने जरा वरची पोर घेतली होती समोर. तिचा डावा हात हिला असा बसला, असा बसला! पण पडली नाही हं. पडायची जातच नाही हिची. घंटा झाली, आणि ही सरळ चालत गेली ती समोरच्या पोरीच्या कोपऱ्यात. तिच्याच स्टुलावर बसली, तिच्याच बाटलीतलं पाणी प्यायली. ती पोर बिचारी उभी! सगळा हॉल हसला. हीसुद्धा हसली."

ताई हसली नाही.

"कधी झालं हे?"

"झाले की आठ-दहा दिवस."

आठ-दहा दिवस. ताईने मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं. झोपायच्या खोलीचा पडदा दिवसाढवळ्या ओढलेला. डोळ्यांवर ओला टॉवेल. मिक्सर लावला की अंगावर धावून येणं. जेवताना तोच प्रश्न दोनदा विचारणं, आणि तू आत्ताच विचारलंस म्हटलं की ताट सरकवून उठून जाणं. या सगळ्याचं आईकडे एकच उत्तर होतं. वजन उतरवतेय ती, उपाशी पोटी माणूस चिडणारच. ताईनेही ते मान्य करून टाकलं होतं, कारण मान्य केलं की भांडण वाचत होतं. एवढ्या वेळा उगाच भांडले, नेमकं तेव्हाच गप्प बसले, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

"मार डोक्याला बसला आणि तुम्ही हसलात?"

"अहो, हेडगार्ड होतं डोक्याला. चांगलं जाडजूड."

ताईने फळीवरचा पत्र्याचा डबा घेतला, त्यात टेबलावरचे चार सुटे दात टाकले, झाकण लावलं आणि सरांच्या नाकासमोर डबा खडखडवला. मग झाकण काढून दाखवलं. एका दाताचा टवका उडाला होता.

"डबा बघा, शाबूत आहे. जाडजूड आहे."

सर मोठ्याने हसले. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट असता तर ताईने त्याला केव्हाच दाराबाहेर काढला असता. पण भिंगरीच्या पहिल्या स्पर्धेचं भाडं त्याने स्वतःच्या खिशातून भरलं होतं आणि तिच्या तापात रात्रभर दवाखान्यात बसलाही होता.

"एक काम करू ताई," सर म्हणाले. "असोसिएशनच्या डॉक्टरांना दाखवू. नियमच आहे तसा. डोक्याला जोरात लागलं की चाचणी करायची, ती पास झाली तरच रिंगमध्ये उतरायचं. तुमचंही समाधान होईल."

"उद्याच जाऊ," भिंगरी म्हणाली.

ताई दोघांकडे पाहत राहिली. कंबर कसून भांडायला जावं आणि समोरच्याने या, चहा घ्या म्हणावं, तसं झालं. भिंगरी डॉक्टरकडे जायला इतक्या सहज तयार? लहानपणी दाढ किडली तेव्हा हिला माळ्यावरून ओढून काढावं लागलं होतं. पण हातात आलेलं सोडावं कशाला, असा विचार करून ताईने सरांचे गार्ड पिशवीत भरून दिले आणि मास्तरांची कवळी फोडायला घेतली.

संध्याकाळी घरी आईने भिंगरीचीच बाजू घेतली.

"डॉक्टर कशाला आणि? ताप नाही, खोकला नाही. उगाच पोरीच्या मागे भुंगा लावलायस. रविवार तरी होऊ दे."

"आई, रविवार होऊ द्यायचा की नाही, तेच विचारायला जातोय."

"तीन वर्षं घालवलीत तिने या रविवारसाठी. पहाटे उठून धावलीय. तुझ्या एका वहमापायी..."

"माझा वहम! मास्तरांच्या तोंडात दिवा लागलाय तो वहम?"

आईला यातलं काहीच कळलं नाही. भिंगरी आतून ओरडली, "हळू बोला ना गं!" दोघी हळूच बोलत होत्या.

असोसिएशनची इमारत जुनी, तीन मजल्यांची. तळमजल्यावर टेबल टेनिसचा हॉल होता, चेंडूची टकटक जिन्यात घुमत वर येई. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांची खोली. बाहेरच्या बाकावर ऊन येत होतं. भिंगरी बाक सोडून कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिली.

"आत आलीस तर तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली.

"का? मला काय सोयरसुतक नाही?"

"विचारलं तरच बोल. आणि विचारणार नाहीत."

डॉक्टर तरुण होत्या, शांत, प्रत्येक वाक्य संपवून मग पुढचं बोलणाऱ्या. त्यांनी मार कसा बसला ते विचारलं, डोळ्यांत टॉर्च मारून पाहिली. टॉर्च आली तशी भिंगरीची बोटं खुर्चीच्या कडेला घट्ट झाली. ताईने ते पाहिलं. डॉक्टर तेव्हा डोळे पाहत होत्या.

"डोकं दुखतं?"

"नाही."

"उजेडाचा त्रास? आवाजाचा?"

"नाही."

"होतो," ताई म्हणाली. "पडदे ओढून झोपते. मिक्सर लावला की किंचाळते. कामात चुका करते, कधी न करणारी."

भिंगरीने ताईकडे असं पाहिलं, की शब्दांची गरज पडू नये. मग डॉक्टरांकडे वळून ती गोड आवाजात म्हणाली, "वजन उतरवतेय डॉक्टर. पाणीसुद्धा मोजून. त्यात आमची ताई दिवसभर पॉलिशची मोटर चालवते. कुणाचंही डोकं उठेल."

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. अशा जोड्या त्यांच्यासमोर रोज येत असाव्यात, एक नाही म्हणणारी, एक हो म्हणणारी.

"हे बघा," त्या ताईला म्हणाल्या, "तुमची काळजी बरोबर आहे. मेंदूला बसलेला धक्का वरून दिसत नाही. तो भरून यायच्या आत दुसरा बसला तर फार महागात पडतं. कधी कधी जन्माचं. आणि लढायचं असलं की ही मंडळी खरं सांगत नाहीत, हेही मला माहीत आहे." भिंगरी नम्रपणे हसली. "म्हणून तर ही चाचणी आहे. सीझनच्या सुरुवातीला सगळे धडधाकट असताना आम्ही प्रत्येकाची एकदा घेतो. लक्षात ठेवणं, आकडे उलटे म्हणणं, तोल सांभाळणं. मार लागल्यावर तीच पुन्हा घेतो. दुसऱ्या कुणाशी तुलना नाही, तिची तिच्याशीच. माणूस लपवेल, हे लपत नाही."

ताईला हे पटलं. इतकं पटलं की तिने पिशवी खाली ठेवली आणि पाठ टेकली. एकदाचं कुणीतरी शहाणं माणूस भेटलं, असं तिला वाटलं.

डॉक्टरांनी सावकाश दहा शब्द वाचले.

"चमचा. पूल. मांजर. गालिचा. शिडी. लिंबू. आरसा. दोरी. बटण. कंदील. हे लक्षात ठेव, शेवटी पुन्हा विचारेन."

मग वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले. भिंगरीने म्हटले, मधे एकदा अडखळून. आकडे उलटे म्हणायला लावले. तीन आकड्यांचे आले, चारचे आले, पाचचे म्हणताना ती थांबली आणि छताकडे पाहत राहिली. एका पायावर डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तेव्हा तिने दोनदा पाय टेकवला. रिंगमध्ये जिची पावलं पाहायला लोक येत, जिला तेवढ्यावरून सगळे भिंगरी म्हणू लागले, तिने. ताईने जीभ चावून धरली. आता दिसेलच यांना, ती मनात म्हणत होती. मी कशाला बोलू?

"आता ते शब्द सांग."

"चमचा, पूल, मांजर." भिंगरी डोळे बारीक करून भिंतीवरच्या गुडघ्याच्या चित्राकडे पाहत होती. "शिडी. दोरी." खालून चेंडूची टकटक ऐकू येत होती. "लिंबू."

"अजून?"

"एवढेच."

डॉक्टरांनी समोरच्या संगणकावर जुना निकाल उघडला, आजचा शेजारी ठेवला, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"शब्द तेव्हाही सहा, आजही सहा. उलटे आकडे तेव्हाही चारपर्यंत, आजही चारपर्यंत. तोल, तेव्हाही दोनदा पाय टेकला होता. सगळं जुळतंय." त्या ताईकडे वळल्या. "म्हणजे मार लागायच्या आधी जशी होती, तशीच आहे."

"पण डॉक्टर, मी रोज बघतेय तिला."

"बघा. जरूर बघा. उलटी झाली, चक्कर आली, डोकं दुखायला लागलं तर रविवार असो की सोमवार, थेट माझ्याकडे. पण आज माझ्याकडे तिला थांबवायला काही कारण नाही." त्यांनी सही केली.

ताईला काय वाटलं हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिला बरं वाटायला हवं होतं. बहीण धडधाकट आहे, असं एका शिकल्यासवरल्या बाईने लिहून दिलं होतं. मग ते पटत का नाही? की आपल्यालाच आता सगळीकडे दुखणी दिसायला लागली? आई म्हणते तसा आपण खरंच भुंगा लावतो की काय? तिने पिशवी उचलली आणि डॉक्टरांचे आभार मानले.

जिन्यात भिंगरी दोन-दोन पायऱ्या उतरायला निघाली. तीन-चार टांगांनंतर तिने कठडा धरला आणि एक-एक उतरू लागली.

"बघितलंस? जुळलं!" सहीचा कागद तिने ट्रॅकपँटच्या खिशात घातला. "आता रविवारपर्यंत तोंड बंद. तुझंही आणि मिक्सरचंही."

ताई मागून उतरत होती. काहीतरी तिच्या दाढेत अडकल्यासारखं झालं होतं, निघत नव्हतं.

"थांब जरा."

"आता काय?"

"सुरुवातीला पण सहाच? सीझनच्या आधी? चांगली होतीस तेव्हा?"

"हो."

"तू? दहातले सहा? अगं, सगळ्या गल्लीचे फोन नंबर तुला पाठ. माझे अख्ख्या वर्षाचे पेशंट तुला पाठ. तू चार शब्द विसरलीस?"

भिंगरी जिन्याच्या वळणावर थांबली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे लहानपणी डब्यातला लाडका खाऊ संपवून झाल्यावर यायचं.

"विसरले कुठे? सांगितले नाहीत."

"म्हणजे?"

"ताई, तो ढ व्हायचा दिवस असतो."

ताईला कळेना. भिंगरीने आवाज खाली आणला, वर डॉक्टरांच्या दाराकडे एकदा पाहिलं.

"क्लबात शिरलं की सीनियर पोरी पहिलं हेच शिकवतात. ठोसा नंतर. सीझनची पहिली चाचणी आली की ढ व्हायचं. दहा आठवले तरी सहाच सांगायचे. आकडे मधेच विसरायचे. एका पायावर जरा डगमगायचं. फार ढ नाही हं, नाहीतर डॉक्टरला शंका येते. बेताचं ढ. म्हणजे मग पुढे कधी मार बसला, दोन दिवस डोकं जड असलं, तरी तेवढं जमतंच. आकडा जुळतो, सही मिळते. सगळ्या करतात."

"सरांना माहीत आहे?"

"सर त्यांच्या वेळी ढच झाले होते."

ताईच्या तोंडून शब्द एकदम फुटले.

"अगं, अक्कल कुठे गहाण ठेवलीत तुम्ही सगळ्यांनी? ती बाई वर बसून तुमच्यासाठी जीव पाखडतेय, आणि तुम्ही तिच्याच डोळ्यांत धूळ फेकता? तिच्या कुठल्या, स्वतःच्याच! आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, आणि वर शिकवणी लावून! आणि मी बावळट तिथे मान डोलावत बसले. लपत नाही म्हणे! आणि आज पुन्हा तेच नाटक केलंस ना? बसून, माझ्यासमोर, गोड गोड बोलून? चार शब्द गिळलेस ना आजही?"

"छे! आज कशाला?" भिंगरी म्हणाली. "आज कुणी ढ होतं का? आज तर जीव तोडून करायचं असतं. तेच तर सगळं गणित आहे. तेव्हा मुद्दाम कमी, आज पुरेपूर. म्हणजे आज आकडा वरच..."

ती बोलायची थांबली.

खाली कुणीतरी गुण मोजत होतं, चेंडू परत टकटकायला लागला. भिंगरीचा हात कठड्यावर होता. तिने तो उचलला, तळव्याकडे पाहिलं आणि पुन्हा कठड्यावर ठेवला.

"पुरेपूर केलं मी आज," ती म्हणाली. "एकही गिळला नाही, ताई."

मी सांगत होते, हे वाक्य ताईने दोन दिवस धार लावून ठेवलं होतं. आता ते म्हणायला कुणाचीच आडकाठी नव्हती, आणि ताईला ते नको होतं. तिला भयंकर भीती वाटत होती. आपलंच चुकलेलं असावं, आई बरोबर असावी, सगळा उपाशी पोटाचा आणि पॉलिशच्या मोटरचा दोष असावा, यासाठी तिने काय वाटेल ते दिलं असतं.

भिंगरी पायरीवर बसली. ताई तिच्या शेजारी बसली. जिना अरुंद होता, दोघींचे खांदे लागले. भिंगरी लहान असताना दोघी एका खाटेवर झोपत, तेव्हा ती अशीच गरम लागायची.

"पाय टेकला तोसुद्धा खरा?" ताईने विचारलं.

"हो. पायाखालची जमीनच सापडेना." मग ती म्हणाली, "बाकीचे चार कुठले होते?"

"काय करायचंय आता."

"सांग ना. तुझ्या लक्षात आहेत, मला माहितीये."

ताईच्या लक्षात होते. तिला कुणी विचारलं नव्हतं तरी तिने ते तिथे बसून मनात घोकले होते.

"गालिचा."

"हं. गालिचा."

"आरसा. बटण."

"बटण! जिभेवर होतं बघ अगदी."

"आणि कंदील."

भिंगरीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"कंदील नव्हता."

"शेवटचा होता."

"नाही ताई. कंदील त्या म्हणाल्याच नाहीत. मी नीट ऐकत होते."

ती अगदी खात्रीने बोलत होती. मास्तरांची शेड, बँकेतल्या बाईंची शेड ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात. त्या आवाजापुढे ताईने कधी चिठ्ठी उघडून पाहिली नव्हती. तिने भिंगरीच्या कपाळावर आलेली बट मागे सारली. तिथे लागल्याची काही खूण नव्हती, साधा ओरखडाही नव्हता.

"नसेल," ताई म्हणाली. "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल."

भिंगरी तिच्याकडे पाहत राहिली. लाइटच्या बटणावरून, टॉवेलवरून, कालच्या पावसावरून हार न मानणारी ही बाई. तिच्या तोंडून चूक हा शब्द स्वतःसाठी निघालेला भिंगरीने जन्मात ऐकला नव्हता.

"ताई," ती म्हणाली. "तू भांडत का नाहीयेस?"

ताईने पिशवीचे बंद उगाच सारखे केले. खालचा खेळ संपला असावा, टकटक थांबली होती.

भिंगरीने खिशातला कागद काढला. तो उघडला नाही. कठडा धरून ती उभी राहिली, जरा थांबली, आणि डॉक्टरांच्या दाराकडे पाहत तिने वरच्या पायरीवर पाऊल ठेवलं.